देवाला कोणी बनवलं? – पॅसेंजरमध्ये अर्धवट राहिलेला वाद

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. कामासाठी आठवड्यातून दोनदा नंदुरबारला जावं लागतं. गाडीत एक सहकारी सोबत असतात. ते नवापूरचे, ख्रिस्ती, वयाने माझ्याहून दहाएक वर्षं मोठे. मागच्या गुरुवारी दोंडाईचा गेल्यावर आम्ही डबे उघडले. ते नेहमीप्रमाणे अर्धा मिनिट डोळे मिटून बसले. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, विचारलं, "दादा, हे सगळं देवाने केलं ना? मग देवाला कोणी केलं?"

ते हसले. म्हणाले, "हा प्रश्न माझ्या पोरीने दुसरीत असताना विचारला होता." मला जरा लागलं. मग मीही इरेला पेटलो. बोलता बोलता नंदुरबार आलं, मी उतरलो, ते पुढे गेले. वाद अर्धाच राहिला.

आमच्या गावात प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे. साने गुरुजीही काही काळ तिथे होते. लहानपणापासून त्याच्या भिंतीवरून सायकल नेली, आत काय चालायचं ते कधी विचारलं नाही. आता चाळिशीत खाज सुटली आहे. आठवडाभर मिळेल ते वाचलं. अ‍ॅन्सेल्म, तेराव्या शतकातला धर्मपंडित अ‍ॅक्वायनस, पेली आणि त्याचं घड्याळ (घड्याळ दिसलं की घड्याळजी आलाच, तसं जग दिसलं की देव आलाच). प्रामाणिकपणे सांगतो, मी नास्तिक नाही, सखाराम महाराजांच्या यात्रेला न चुकता जातो. पण हे युक्तिवाद मला बिनबुडाचे वाटले. प्रत्येक गोष्टीला कारण हवं म्हणायचं आणि देवापाशी आलं की कारण नको म्हणायचं, ही कुठली रीत?

तर प्रश्न असा: ख्रिस्ती विचारवंतांनी देवासाठी दिलेल्या युक्तिवादांपैकी एखादा तरी तुम्हाला पटला आहे का? पटला असेल तर का? धर्मांतर आणि राजकारण या धाग्यावर नको, त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहत आहेत.

भरीतसम्राट
शेंगदाणे घेऊन बसलो आहे. चालू द्या.

नास्तिकनाना
धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. पहिल्या कारणाचा युक्तिवाद स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. "प्रत्येकाला कारण असतं" हे खरं असेल तर देवालाही हवं. खोटं असेल तर जगालाच सूट द्या ना, मधला दलाल कशाला? १९४८ मध्ये बीबीसीवर नास्तिक तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि फादर कोपल्स्टन यांचा वाद झाला होता. रसेल म्हणाले, विश्व आहे, बस्स, एवढंच. मला त्यात काही उणं वाटत नाही.

खापरावरची
वाचतेय. बोरीकाठ, तुमच्या त्या दादांनी पुढे काय उत्तर दिलं असतं याची जास्त उत्सुकता आहे.

पाटकरी_साक्री
नाना, हाच घोटाळा सगळे करतात. मीही करायचो. अ‍ॅक्वायनस कुठेही "प्रत्येक गोष्टीला कारण असतं" असं म्हणत नाही. तो म्हणतो, जे बदलतं, जे दुसऱ्याच्या जोरावर आहे, त्याला कारण लागतं. आणि "सगळ्यात आधी काय झालं" हा त्याचा प्रश्नच नाही.

आमच्या भागातलं उदाहरण देतो. पांझरेवर आमची फड पद्धत आहे, शेकडो वर्षांची. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, एका फडातून (म्हणजे शेतांच्या गटातून) दुसऱ्या फडात पाणी. माझे आजोबा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे होते, म्हणून हे नाव घेतलंय. आता दोन साखळ्या बघा.

एक साखळी वंशावळीची. मी, माझे वडील, आजोबा, पणजोबा. आजोबा वारले १९८६ ला. त्यांच्या जाण्याने माझी मुलं व्हायची थांबली का? नाही. ही साखळी मागे कितीही लांब असू द्या, अनंत असू द्या, अ‍ॅक्वायनसची हरकत नाही. त्याने लोहाराचा दाखला दिलाय. एक हातोडा मोडला की दुसरा, दुसरा मोडला की तिसरा. आधी किती हातोडे मोडले याच्याशी आजच्या ठोक्याचं काही देणंघेणं नाही. जगाला सुरुवात होती हे नुसत्या बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने मानायचं, असं तो स्वतः लिहून गेलाय. लोकांना हे सांगितलं की खोटं वाटतं.

दुसरी साखळी पाण्याची. शेवटच्या फडात आत्ता, या क्षणी पाणी आहे, कारण वरच्या चारीत आत्ता आहे, कारण पाटात आत्ता आहे. आजोबा म्हणायचे, "वरथून पानी बंद व्हयनं मंग खाले कितला बी पाट खंद, कोरडाच." पाट अनंत लांब केला म्हणून त्यात पाणी उगवत नाही. पाटाजवळ स्वतःचं पाणी नसतं, तो फक्त पुढे देतो. ज्याच्याजवळ स्वतःचं आहे असं काहीतरी वर असायलाच हवं.

अ‍ॅक्वायनसचा युक्तिवाद या दुसऱ्या साखळीचा आहे. "देवाला कोणी बनवलं" हे विचारणं म्हणजे "बंधाऱ्याला पाणी कोणत्या चारीतून येतं" असं विचारणं.

नास्तिकनाना
@पाटकरी, प्रतिसाद आवडला, पण गंडलात. बंधाऱ्याला पाणी नदीतून येतं, नदीला पावसातून, पावसाला समुद्रातून, समुद्राला नदीतून. तिसरीच्या पुस्तकात चित्र आहे. ते चक्र आहे, त्याला वरचं टोकच नाही! तुमच्याच उदाहरणात देवाची गरज संपली.

भरीतसम्राट
नानांनी पाट फोडला.

पाटकरी_साक्री
चक्र फिरवतं कोण? सूर्य. सूर्य विझला की समुद्राची वाफ बंद, तुमचं चक्र गोठलं. चक्र म्हणजे गोल केलेला पाट, नाना. गोल केला म्हणून त्याला स्वतःचं पाणी येत नाही.

नास्तिकनाना
आणि सूर्याला?

पाटकरी_साक्री
आता तुम्ही माझ्या बाजूने बोलताय.

नास्तिकनाना
नाही. मी म्हणतोय की कुठेतरी थांबावं लागतं हे मान्य, पण थांबायचं ठिकाण भौतिकशास्त्रातलं का नसावं? काहीतरी मूलभूत क्षेत्र, काहीतरी नियम. त्याला डोळे, कान, मन आणि दहा आज्ञा कुठून फुटल्या?

सायन्सवाला
महास्फोटाने हा सगळा वाद संपलाय. विश्वाला सुरुवात आहे, १३.८ अब्ज वर्षं. सुरुवात आहे म्हणजे सुरू करणारा आहे. सरळ हिशोब.

न्यायसूत्र
@सायन्सवाला, गंमत सांगते. महास्फोटाची कल्पना ज्यांनी १९३१ मध्ये मांडली ते जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या सिद्धांताचा निर्मितीशी संबंध जोडला, तेव्हा सगळ्यात अस्वस्थ झाले ते लमेत्रच. विज्ञानाची गाडी वेगळ्या रुळावर, श्रद्धेची वेगळ्या, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही देता तो "सुरुवात म्हणून सुरू करणारा" हा युक्तिवाद इस्लामी परंपरेत, अल-गझालींनी, जोरात मांडला. आणि वर पाटकरींनी सांगितलंच की अ‍ॅक्वायनसला तो सिद्ध वाटत नव्हता. तेव्हा तीन वेगळी भांडी आहेत, एकाच चुलीवर नका ठेवू.

सायन्सवाला
बरं बाई. शिकतोय.

धुळेकर_वकील
पुराव्याचा भार कोणावर, हे आधी ठरवा. आहे म्हणणाऱ्यावर. कोर्टात मी "तो पाट कुठूनतरी येतोच ना, साहेब" असं म्हटलं तर न्यायाधीश पुढची तारीख देतील.

भरीतसम्राट
वकीलसाहेब, तुम्ही काहीही म्हटलं तरी न्यायाधीश पुढची तारीखच देतात. हलके घ्या.

बरं, मी धागाकर्त्याने लिहिलेल्या त्या अ‍ॅन्सेल्मचं वाचून आलो. अकराव्या शतकातला माणूस, पुढे कँटरबरीचा आर्चबिशप. म्हणतो, देव म्हणजे असं काही, ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही. ते नुसतं मनात असेल तर मनात आणि बाहेर दोन्हीकडे असणारं त्याहून थोर होईल. म्हणजे ते बाहेरही असलंच पाहिजे. झाला देव सिद्ध.

आता माझं ऐका. ज्याहून चांगलं भरीत कल्पिता येत नाही असं भरीत मी कल्पितो. बामणोदची पांढरट हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, साल काढताना बोटं चटचट भाजतायत, मिरची आणि लसूण आधीच ठेचलेला, वरून कांद्याची पात आणि तेलात तळलेले शेंगदाणे, शेजारी कळण्याची भाकरी. हे नुसतं मनात असेल तर ताटात असणारं त्याहून चांगलं. म्हणून ते ताटात आहेच. कृपया हॉटेलचा पत्ता द्यावा, मी सध्या पुण्यात आहे आणि उपाशी आहे.

खापरावरची
मेले हसून. पुण्यात भरितात काय काय घालतात ते आठवून मग रडलेही.

न्यायसूत्र
@भरीतसम्राट, तुम्ही नकळत गाउनिलो झालात. हा अ‍ॅन्सेल्मच्याच काळातला फ्रान्समधला एक मठवासी. त्याने हेच केलं, फक्त भरिताऐवजी बेट घेतलं. सर्वोत्तम बेट कल्पा, म्हणून ते समुद्रात आहेच. त्याच्या लेखाचं नाव काय, तर "मूर्खाच्या वतीने", कारण अ‍ॅन्सेल्मने बायबलातल्या स्तोत्रसंहितेतला "देव नाही" म्हणणारा मूर्ख समोर धरून युक्तिवाद केला होता.

अ‍ॅन्सेल्मच्या बाजूने पुढे दिलं गेलेलं एक उत्तर असं की बेट किंवा भरीत यांना वरची हद्दच नसते. अजून थोडे शेंगदाणे, अजून थोडी पात. "याहून चांगलं शक्यच नाही" असं भरीत ही कल्पनाच पोकळ. अ‍ॅन्सेल्मचं स्वतःचं उत्तर असं की त्याचा युक्तिवाद फक्त एकाच गोष्टीला लागू, जिचं नसणं कल्पिताच येत नाही. माझ्या मते ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत. भरीत त्यांनी अडवलं खरं, पण देवाची कल्पना तरी पोकळ नाही कशावरून?

खरा घाव जर्मन तत्त्वज्ञ कांटने घातला, १७८१ मध्ये. "आहे" हा काही गुण नव्हे. शंभर नाणी मनात मोजा किंवा खिशात मोजा, मोजणी शंभरच. असण्याने संकल्पनेत भर पडत नाही. भर खिशात पडते.

धुळेकर_वकील
कांट मला आत्ता कळला. एका पतसंस्थेत माझ्या वडिलांची एक लाखाची ठेव "आहे". पावती आहे, शिक्का आहे, व्याजदर आहे, मुदत आहे. सगळे गुण आहेत हो. फक्त अस्तित्व नाही.

भरीतसम्राट
+१००००० (हेही फक्त मनातच)

तापीकर
आमचेही त्यातच. वकीलसाहेब, त्याचा वेगळा धागा काढा ना. कितीजण निघतील बघा.

संपादक
पतसंस्थांसाठी वेगळा धागा आहे, तिकडे लिहावे.

न्यायसूत्र
मूळ विषयावर येते. सगळे युरोपातच फिरतायत म्हणून. मी संस्कृत शिकवते. आपल्याकडे नैयायिकांनी (न्यायदर्शनाच्या पंडितांनी) हाच वाद बौद्धांशी, मीमांसकांशी (वेद मानणारे, पण जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे), जैनांशी शेकडो वर्षं घातला. "पृथ्वी वगैरे कर्त्याने केलेली आहे, कारण ती कार्य आहे, घटासारखी." घडा दिसला की कुंभार आलाच. उदयनाचार्यांनी तर ईश्वराच्या सिद्धीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. जगन्नाथपुरीला दर्शनाला गेले तर दार बंद. संतापून देवाला म्हणाले, ऐश्वर्याचा माज आलाय तुला, पण बौद्ध समोर आले की तुझं अस्तित्व माझ्या हातात असतं हे विसरू नकोस!

मीमांसकांचा प्रश्न मात्र तेव्हाही चोख होता. कुंभाराला हातपाय असतात, तो भाजी-भाकरी खातो, कधी त्याचा घडा तडकतो. घड्यावरून कुंभार सिद्ध करायचा तर असाच कुंभार सिद्ध होईल, सर्वज्ञ कसा होईल? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकात पेलीसारख्यांच्या घड्याळाबद्दल जवळपास हेच विचारलं. त्याचं पुस्तक १७७९ चं, पेलीचं १८०२ चं. म्हणजे उत्तर आधी आलं, प्रश्न नंतर!

रंगावली
नमस्कार. दोन दिवस नुसतं वाचत होते. मी नवापूरची. ख्रिस्ती. शिक्षिका. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. (धाग्याची सुरुवात "नमस्कार मंडळी" अशी झाली तेव्हा हसू आलं. आमच्याकडे मंडळी म्हणजे चर्च.)

आधी एक सांगते. आमच्या मंडळीत मी अ‍ॅक्वायनसचं नाव कधी ऐकलं नाही. आजी मावची बोलायची, तिला वाचता येत नव्हतं, आणि देव आहे का हा प्रश्न तिला कुणी विचारला असता तर तिने विचारणाऱ्याला ताप आलाय का ते हात लावून बघितलं असतं. वडिलांना मात्र हे सगळं वाचायची हौस होती. रोमकरांस पत्रातलं "त्याच्या अदृश्य गोष्टी सृष्टीवरून कळतात" हे वचन सांगायचे आणि लगेच कार्ल बार्थबद्दल बोलायचे. बार्थ हा स्विस धर्मपंडित. सृष्टीवरून, बुद्धीवरून देवापर्यंत शिडी लावता येते असं एमिल ब्रूनर या त्याच्या मित्राने लिहिलं, तर बार्थने १९३४ मध्ये एक पुस्तिकाच काढली. नाव काय, तर "नाही!" तेव्हा सगळे ख्रिस्ती या युक्तिवादांच्या बाजूने आहेत असं समजू नका.

न्यायसूत्रताई, घडा-कुंभाराबद्दल. इथे आमचा फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कुंभाराला माती आधीच मिळालेली असते. नैयायिकांच्या ईश्वरालाही परमाणू आधीच आहेत ना? ख्रिस्ती शिकवण अशी की माती नव्हतीच. शून्यातून निर्मिती. म्हणून कुंभार घडा करून बाजारात गेला तरी घडा राहतो, पण आमच्या देवाने हात काढला तर घडाही नाही, मातीही नाही. गाण्यासारखं. गाणारी थांबली की गाणं कुठे शिल्लक राहतं? पाटकरींचं पाणी म्हणूनच मला कुंभारापेक्षा जवळचं वाटलं.

न्यायसूत्र
बरोबर पकडलंत. न्यायात ईश्वर निमित्तकारण, म्हणजे फक्त घडवणारा; परमाणू नित्य. आणि नेमक्या याच मुद्द्यावर काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर षड्दर्शनांवर टीकाग्रंथ लिहिला. चित्पावन पंडित, दर्शनं कोळून प्यायलेला, आणि वाद संस्कृत परिभाषेत.

अद्वैत_जळगाव
पण रंगावलीताई, ज्याला भाग नाहीत, ज्यात बदल नाही, जो काळाबाहेर आहे, ज्याचं असणं हेच त्याचं स्वरूप, असं अ‍ॅक्वायनस देवाबद्दल म्हणतो. हे तर आमचं निर्गुण ब्रह्म झालं! अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञ मलकानी आयुष्यभर अद्वैतच मांडत होते. मग भांडण कशाचं?

रंगावली
भांडण नाहीच, पण एकही नाही. अद्वैतात शेवटी मी आणि ते वेगळे उरत नाही. आमच्याकडे देव आणि मी कायम दोन. दोन असल्याशिवाय प्रेम कसं करायचं?

अद्वैत_जळगाव
आणि तुमच्याकडे तर देवातच तीन, पिता, पुत्र, पवित्र आत्मा!

रंगावली
हो. 😄 इ.स. ३२५ मध्ये निकायाला बिशप बसले आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं ठरवलं, तरी भांडण मिटलं नाहीच. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून त्रैक्यावरच वाद घातला. मला पटेल तेव्हाच मानीन, असा बाणा. त्या पत्रांतल्या रमाबाई मला फार आवडतात. तीन म्हणजे तीन देव नव्हेत आणि एकाचे तीन मुखवटेही नव्हेत. याच्या पुढे मला नीट सांगता येत नाही, उगाच त्रिदळ बेलाचं उदाहरण देऊन फसवणार नाही.

केळीवाला_रावेर
सगळं वाचलं. पाट, घडा, भरीत. हुशार आहात सगळे. माझा साधा प्रश्न आहे.

एका वर्षी घड निसवलेली बाग उभी होती. दुपारी चारला आभाळ आलं, वीस मिनिटं गारा आणि वारा. रात्री बॅटरी घेऊन बागेत गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. खोडं मधोमध मोडलेली, पानांच्या चिंध्या, घडातून चीक गळतोय. त्याचा एक टपटप आवाज येतो. तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही. शेजारच्या बागेतला माणूस त्या रात्री घरी आलाच नाही. सकाळी सापडला.

तुमच्या पाटाच्या वर जो कोणी आहे, तो पाणी सोडतो तसं हेही तोच सोडतो ना?

नास्तिकनाना
केळीवाला भाऊ, वाईट वाटलं. हाच एक प्रश्न आहे, बाकी सगळी कोडी. १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालमध्ये लिस्बनला भूकंप झाला, सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले. छपरं त्यांच्याच डोक्यावर आली. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स त्याच्या ४५ वर्षं आधी सांगून गेला होता की हे जग शक्य असलेल्या जगांत सर्वोत्तम आहे.

सायन्सवाला
यावर प्लँटिंगा नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाचं उत्तर आहे. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं, स्वातंत्र्य खरं असेल तर वाईट करायची मोकळीकही आलीच. त्यामुळे देव आणि वाईट यांत तार्किक विसंगती नाही. मॅकी नावाच्या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये विसंगती आहे असं मांडलं होतं, त्याला हे उत्तर.

केळीवाला_रावेर
गारांना कुठलं स्वातंत्र्य भाऊ?

सायन्सवाला
त्यावर तो म्हणतो की ते दुष्ट आत्म्यांचं काम असणं निदान शक्य तरी आहे. मला लिहितानाच ओशाळल्यासारखं झालं. मागे घेतो.

अद्वैत_जळगाव
आपल्याकडे कर्मसिद्धांत आहे. पूर्वजन्मीचं...

तापीकर
थांबा. माझ्या आजोबांना गावविहिरीवर येऊ देत नव्हते, तेव्हा त्यांनाही हेच सांगायचे, पूर्वजन्मीचं. हिशोब जुळतो म्हणून तो खरा होत नाही साहेब. केळीवाल्याच्या शेजाऱ्याने मागच्या जन्मी काय केलं होतं, ते त्याच्या बायकोला जाऊन सांगाल का?

अद्वैत_जळगाव
नाही सांगणार. शब्द मागे.

रंगावली
केळीवाला दादा, मी उत्तर देणार नाही. माझ्याकडे नाही. एवढंच सांगते.

बायबलात ईयोबाचं पुस्तक आहे. भला माणूस, सगळं गेलं, मुलंबाळं, गुरंढोरं, अंगावर फोड. राखेत बसून खापरीने अंग खाजवतोय. तीन मित्र येतात. पहिले सात दिवस गप्प बसतात, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. मग तोंड उघडतात आणि पानंच्या पानं देवाची बाजू मांडतात. तुझं काहीतरी चुकलं असेल, देव न्यायी आहे. ईयोब मात्र देवाशी उभा भांडतो, समोर ये म्हणतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो. का झालं ते सांगत नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असं विचारतो. हे वाचून मला लहानपणी राग यायचा, अजूनही थोडा येतो. पण नंतर देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही, म्हणतो.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा घरी आलेल्यांत असे मित्र बरेच होते. वडील पाळक असून त्या रविवारी उपदेशाला उभे राहिले नाहीत. शेवटच्या बाकावर बसले, आजीशेजारी.

केळीवाला_रावेर
बरं वाटलं ताई. म्हणजे बरं नाही वाटलं, पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

भरीतसम्राट
(शेंगदाणे बाजूला ठेवले.)

धुळेकर_वकील
वातावरण जड झालंय म्हणून विचारतो. तो पास्कलचा पैजेचा युक्तिवाद कुणीच काढला नाही? देव मानला आणि निघाला, तर अनंत फायदा. मानला आणि नाही निघाला, तर थोडंफार नुकसान. म्हणजे मानणंच शहाणपणाचं.

केळीवाला_रावेर
हा तर केळीचा पीक विमा झाला. हप्ता थोडा, भरपाई मोठी. पण वकीलसाहेब, विम्याचा अनुभव विचारा आम्हाला. बाग झोपली तरी हवामान केंद्राच्या आकड्यात ट्रिगर, म्हणजे भरपाईसाठी ठरलेला आकडा, लागत नाही. वर गेल्यावर कळायचं, तुमच्या मंडळात वाऱ्याचा वेग भरला नाही!

नास्तिकनाना
आणि कंपनी कुठली निवडायची? दहा कंपन्या आहेत आणि प्रत्येकीची अट अशी की दुसरीकडे हप्ता भरला तर पॉलिसी रद्द.

न्यायसूत्र
हसून झालं असेल तर पास्कलची दुसरी बाजू. हा संभाव्यतेच्या गणिताचा एक जनक. पण तो पैज लावून श्रद्धाळू झाला नव्हता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला काहीतरी अनुभव आला. तो त्याने कागदावर लिहिला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. मेल्यावर नोकराला सापडला. त्यात लिहिलंय, अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञ आणि पंडितांचा नव्हे. पैज दुसऱ्यांसाठी, अस्तर स्वतःसाठी.

आणि अ‍ॅक्वायनस. डिसेंबर १२७३ मध्ये एका उपासनेनंतर त्याने लिहिणं थांबवलं. सचिव म्हणाला, ग्रंथ पुरा करा. तो म्हणाला, मी लिहिलेलं सगळं मला आता कडब्यासारखं वाटतंय. तीन महिन्यांनी वारला.

पाटकरी_साक्री
कडबा म्हणजे टाकाऊ नव्हे हो. गुरं त्यावरच जगतात.

खापरावरची
मला सुरुवातीपासून जे म्हणायचं होतं ते आता जमतंय. पाटकरींचा युक्तिवाद मला पटला, अगदी खरं. वर काहीतरी आहे, ज्याच्याजवळ स्वतःचं पाणी आहे. पण कानबाईच्या, आमच्या खानदेशी देवीच्या, रात्री मी दिवा लावून बसते तेव्हा बंधाऱ्याशी बोलत नाही. मी बाईशी बोलते, ती ऐकते म्हणून. बंधारा ऐकतो हे कुठल्या युक्तिवादाने सिद्ध होतं? नानांनी दुसऱ्याच पानावर डोळे, कान, मन कुठून फुटले म्हणून विचारलं होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

पाटकरी_साक्री
अ‍ॅक्वायनसने लावलाय. देव आहे हे दाखवणाऱ्या त्याच्या पाच वाटा, म्हणजे पाच युक्तिवाद, दोन पानांत संपतात. त्याच्यापुढे तो एक, पूर्ण, जाणता, चांगला असं एकेक पाऊल टाकत जातो, शेकडो पानं. मी तिथे दमलो. पहिली पायरी मला दगडाची वाटते, पुढच्या बांबूच्या. तुमचा प्रश्न खरा आहे.

नास्तिकनाना
एवढं कबूल केलंत, मीही करतो. "देवाला कोणी बनवलं" हा प्रश्न मी यापुढे विचारणार नाही. तो चुकीच्या दारावरची थाप आहे. बाकी सगळं कायम.

बोरीकाठ
धागाकर्ता हजर. तीन दिवस नुसता वाचत होतो, सगळ्यांचे आभार.

आज गुरुवार. पुन्हा तीच गाडी, तेच दादा. मी मोबाईलवरून पाटकरींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. समोर बसलेला एक म्हातारा शेतकरीही ऐकत होता. वाचून झाल्यावर तो आमच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पानी सोडनारा शे तं मंग शेवटना वावरले का बरं नही भेटत?" दादा त्याला म्हणाले, "बाबा, तोच प्रश्न मी रोज विचारतो."

मग डबा उघडला. मी म्हटलं, दादा, तुम्ही ते अर्धा मिनिट काय म्हणता? ते म्हणाले, "बहुतेक दिवशी आभार. कधी कधी भांडण. मागच्या महिन्यात सगळं भांडणच होतं." मागच्या महिन्यात काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनी मला मेथीची भाजी दिली, मी त्यांना ठेचा दिला. नंदुरबार आलं.

रंगावली
बोरीकाठ, तुमचे ते दादा कोण ते मला बहुतेक कळलं. नवापूर छोटं गाव आहे. विचारलं नाहीत ते बरं केलंत.

तापीकर
अवांतर: नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथल्या बाकावर बसलं की एक टोक या राज्यात, दुसरं त्या राज्यात. अ‍ॅक्वायनसला दाखवायला पाहिजे होतं.

भरीतसम्राट
भरिताचा पत्ता अजून कुणी दिलेला नाही. आठवण करून देतोय.

खापरावरची
या शनिवारी फैजपूरला आमच्या मळ्यात भरीत पार्टी आहे. या. मनातलं नव्हे, ताटातलं.